एका खिंडीचे दोन कायदे

बायको गेली तेव्हा भेटायला आलेले लोक एकच गोष्ट सांगत होते, की तुमचा संसार गुण्यागोविंदाचा झाला, घरातून कधी आवाज ऐकला नाही. मेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात. आवाज ऐकला नाही हे खरं आहे, पण त्याचं कारण ती भांडताना आवाज करत नसे. गप्प बसायची. एकदा तर माहेरी जाऊन गप्प बसली, आणि ती माझ्या घरी परत येते की नाही, हे दिल्लीच्या पुस्तकावर आणि मुंबईच्या पाटीवर ठरायची पाळी आली. ते लिहून ठेवतो. मी चौथीतून शाळा सोडली. अक्षर वाईट आहे, पण घडलं ते घडलं तसं सांगतो.

माझं घर शहापूरजवळ, सापगावच्या अंगाला. तिचं माहेर पलीकडे, मुरबाडच्या बाजूला. मध्ये डोंगराची सोंड आडवी आलेली, ती फोडून काढलेली खिंड. तेव्हा रस्ता मुरमाचा होता. पावसाळ्यात बंद, दिवाळीनंतर सुरू. खिंडीत एका बाजूला डोंगराचा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दोन गाड्या शेजारून जातील एवढी जागा कुठंकुठंच.

माझा बाप गाडीवान, तिचाही बाप गाडीवान. शेती दोघांची होती, भाताचीच, पण कापणी-झोडणी उरकली की बैलगाडी भाड्यानं चालवायची. भाताची पोती गिरणीला, लाकूडफाटा स्टेशनाला, लग्नाची भांडीकुंडी या गावची त्या गावाला. या गाड्यांचा कायदा एकच होता आणि तो कोणी लिहिलेला नव्हता. भरली गाडी रस्त्यावर, रिकामी शेतात. समोरासमोर आलो तर ज्याची रिकामी त्यानं चाक खाली उतरवायचं, भरल्यानं सरळ जायचं. डावं उजवं काही नाही. भरल्या गाडीचे बैल दमलेले असतात, त्यांना वळवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खिंडीत उतरायला शेत नाही. म्हणून तिथं हाकेचा कायदा. खिंडीच्या तोंडाशी गाडी थांबवायची आणि लांब हाक द्यायची. आत कोणी असेल तर तो हाक देऊन सांगायचा, भरली. मग बाहेरच्यानं रिकामी गाडी घेऊन गप्प थांबायचं, बिडी ओढायची. उत्तर आलं की विषय संपला. ज्यानं उत्तर दिलं तो पुढं मागं न बघता चालायला मोकळा.

माझ्या सासऱ्यानं मला जावई म्हणून पसंत केलं ते याच खिंडीत. मी भर उन्हात रिकामी गाडी घेऊन वर थांबलो होतो आणि तो खालून दगडाची गाडी भरून रमतगमत येत होता. वर आल्यावर मला म्हणाला, तुला घाई नाय दिसत. मी म्हटलं, घाई आहे, पण तुमची भरलेली आहे. त्यानं माझं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि त्या माघात लग्न झालं. नवरी मी मांडवात पाहिली. काळीसावळी, हात कामानं टणक, आणि मान खाली घालायची असते तिथंही समोर बघणारी.

तिच्या माहेरी एक तांबडा बैल होता. त्याची आई वासरू झाल्यावर लगेच मेली, तेव्हा हिनं त्याला तांदळाची पेज पाजून वाढवलं होतं. लग्नानंतर ती माहेरी जायची ती आधी गोठ्यात जायची आणि मग घरात. तिची आई म्हणायची, आमी दुसऱ्या नंबरला. सासरा तो बैल कोणाला भाड्यानं देत नसे. जोडीतला दुसरा बैल बदलला, तांबडा तोच राहिला.

मग आमच्याकडं लॉरी आली. डोंगरावरचं गवत कापून, दाबून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा धंदा शहापुरात मोठा होता. एका शेठनं गासड्या स्टेशनावर पोचवायला लॉरी घेतली. त्याला रस्ते माहीत असलेला माणूस हवा होता. मी आधी लॉरीबरोबर चढउतार करायला जायचो, मग तिच्या ड्रायव्हरनं मला शिकवलं, मग तो ड्रायव्हर मुंबईला पळाला आणि लॉरी माझ्याकडं आली. परवान्यासाठी ठाण्याला जावं लागलं.

त्याच सुमारास दिल्लीहून मोटारींचा नवा कायदा आला होता. सगळ्या मुलखाला एकच. लढाई होणार असं लोक बोलत होते तेव्हाची गोष्ट. परीक्षा घेणाऱ्या साहेबाच्या टेबलावर ते पुस्तक होतं. गाडी मी नीट चालवून दाखवली. मग साहेबानं विचारलं, "समोरून गाडी आली तर काय करशील?"

मी म्हटलं, "भरली का रिकामी?"

साहेब हसला नाही. शेजारचा कारकून हसला. साहेब म्हणाला, भरली असो, रिकामी असो, राजाची असो, समोरून गाडी आली की तू डाव्या बाजूला जायचं. नेहमी डावी. चढावर, उतारावर, गावात, रानात. म्हण. मी म्हटलं, नेहमी डावी. त्यानं शिक्का मारला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "त्या दिल्लीवाल्यानं आपली खिंड बघितली काय?" मी म्हटलं, त्याला काय पडलंय. ती म्हणाली, मग त्याला कसं कळलं का डावीकडं काय हाय?

तिचं बरोबर होतं, कारण पुढच्याच हंगामात खिंडीच्या तोंडाशी पाटी लागली. ती मुंबईच्या सरकारची. मोटार जायला लागल्यापासून दरीकडची कड ढासळायला लागली होती, म्हणून पाटीवर लिहिलं होतं की खिंडीत मोटारीनं जाता येता डोंगराच्या बाजूनंच चालावं. आता स्टेशनाकडून मुरबाडच्या अंगाला उतरताना डोंगर येतो उजवीकडं. म्हणजे दिल्ली म्हणते डावी, मुंबई म्हणते उजवी, आणि मी एकटा स्टेअरिंग धरून मध्ये. शेठला विचारलं तर म्हणाला, लॉरी दरीत पडली तर दिल्लीवाले भरून देणार नाहीत, पाटी बघून चाल. मी पाटी बघून चाललो. दुसरा काही इलाज नव्हता. दरीकडची कड मी पायानं दाबून बघितली होती, माती सुटत होती.

आता गाडीवानांचं ऐका. त्यांना पाटी वाचता येत नव्हती, आणि पाटी त्यांच्यासाठी नव्हतीच, ती मोटारीसाठी होती. पण त्यांना हवालदार होता. तो बाजाराच्या दिवशी गाड्यांच्या तळावर उभा राहून सांगायचा, नवा कायदा आला, सगळ्यांनी डावीकडनं चालायचं, बैलगाडीनंसुद्धा. दोनचार जणांना त्यानं कचेरीत नेऊन बसवून ठेवलं. त्यात माझा सासरा होता. दिवसभर बैल उन्हात उभे राहिले याचा त्याला जास्त राग. पण तेव्हापासून तो डावीकडनं चालायला लागला. खिंड चढताना त्याच्या डावीकडं काय येतं? डोंगर.

म्हणजे मी उतरताना डोंगराला लागून, तो चढताना डोंगराला लागून. दोघंही सरकारनं सांगितलं तिथं. एवढं होऊन हंगामभर काही झालं नाही, कारण गाडीवानांची आपसात हाक होती आणि लॉरीची नि गाडीची वळणावर गाठ पडली नव्हती. मला मात्र हाकेचा उपयोग उरला नव्हता. लॉरीच्या इंजिनाचा आवाज असा, की शेजारचा माणूस बोलला तर कानाला तोंड लावावं लागे. आम्ही लॉरीवाले खिंडीच्या तोंडाशी भोंगा वाजवायचो आणि उतरायचो.

त्या दिवशी दुपारची वेळ. गासड्या स्टेशनात उतरवून मी रिकामी लॉरी घेऊन दुसरी खेप आणायला चाललो होतो. खिंडीच्या तोंडाशी भोंगा वाजवला आणि उतरायला लागलो. डोंगराला लागून, हळू. वळणावर पुढून बैल दिसले, माझ्याच बाजूला, तोंडासमोर. तांबडा मी लगेच ओळखला. ब्रेक दाबला. लॉरी थांबली. त्या गाडीला माझी लॉरी लागलीसुद्धा नाही, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा होती. पण बैल बुजले. दुसरा बैल दरीकडं फिरला, त्याच्याबरोबर गाडी फिरली, दरीकडचं चाक कडेवर गेलं आणि ती सुटलेली माती खाली गेली. भाताची पोती घसरली. गाडी कलंडून लटकली, जू पिळलं गेलं आणि तांबड्याची मान त्यात अडकली. मी उडी मारून पोचलो, जुवाचा दोर कोयत्यानं कापला. तोवर तो गेला होता. दुसरा बैल उभा राहून थरथरत होता.

सासरा पोत्यांखाली होता. ओढून काढला. गुडघ्याखाली पाय मोडलेला. तो ओरडला नाही. बैलाकडं बघून मला म्हणाला, "जावाय, मी हाक दिली होती."

मी म्हटलं, "मला ऐकू नाय आली, मामा."

"तू भोंगा वाजवलास. मी सांगितलं, भरली." एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. त्याच्या लेखी त्यानं कायदा पुरा पाळला होता. उत्तर दिलं होतं. उत्तर दिल्यावर थांबायचं असतं ते समोरच्यानं.

त्याला लॉरीत घालून त्याच्या गावी पोचवला. हाडं बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. बायकोला निरोप गेला, ती चालत गेली. संध्याकाळी मी तिकडं गेलो तेव्हा ती ओटीवर बापाच्या पायाशी बसली होती. मला पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "बा म्हणतो, हाक दिली. तुमी म्हणता, ऐकू नाय आली. तुमी दोघंबी खोटं बोलत नाय. मग माझा तांबडा कोणी मारला?"

मी म्हटलं, वळणानं मारला.

"वळणाच्या गळ्यात दावं घालता येत नाय," ती म्हणाली. "ते ठरल्याबिगर मी घरी येत नाय."

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं ज्याच्या हातून बैल मेला त्याला गोहत्येचं पाप. आजारानं मेला तर नाही, पण जुंपलेला असताना, दोर गळ्यात असताना मेला तर कोणाच्या तरी माथी ते येतंच. पंच बसून ठरवतात. ज्याच्या माथी येईल त्याच्या हातचं पाणी कोणी घेत नाही, लग्नाकार्याला बोलावत नाहीत, लेकीबाळींना त्या घरी पाठवत नाहीत. पाप फेडायचं तर मेलेल्या बैलाचं दावं गळ्यात घालून, तोंडानं शब्द न काढता, दारोदार उभं राहून बैलासारखं हंबरायचं आणि पसाभर धान्य मागायचं. सगळं गाव फिरून झालं की नदीवर आंघोळ आणि पंचांना जेवण. मग तो माणूस पुन्हा माणसात.

म्हणजे पाप सासऱ्याच्या माथी गेलं तर हिचं माहेर तुटलं. माझ्या माथी गेलं तर माझ्या घरात ती बापाच्या बैलाला मारणाऱ्याबरोबर राहणार. तिनं कोणाची बाजू घेतली नाही. घेतली असती तर मला सोपं झालं असतं, रागावता आलं असतं.

पंच बसले. दुसरी वेळ असती तर एका दुपारी ठरलं असतं, पण हवालदारानं तोवर खटला केला होता. रस्त्यावर अपघात, माणूस जखमी, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत साहेबासमोर जायचं. पंचांतला सर्वात म्हातारा, जो सगळ्यांना खाली बसवायचा, तोही म्हणाला, सरकार काय बोलतं ते बघू. कोण चुकीच्या बाजूला होता ते सरकार सांगेल, मग दावं कोणाचं ते आमी सांगू. एक जण पुटपुटला, का बैलाचं पाप आता दिल्लीवरनं येणार काय. म्हातारा म्हणाला, मग तू सांग, हाक मोठी का भोंगा मोठा.

तारखेपर्यंत मी एकटा राहिलो. भाकरी थापता येत नव्हती, भात करून खायचो, तोही करपलेला. आता पुन्हा तसंच आहे. सून करते, चांगलं करते, पण चुलीजवळ बसून नवऱ्याला टोमणे मारत वाढणं वेगळं. तेव्हा मला वाटायचं की हे थोड्या दिवसांचं आहे. आता तसं वाटायला जागा नाही.

शेठनं माझ्यासाठी वकील दिला. वकील हुशार होता. म्हणाला, काळजी करू नको, पाटी आपल्या बाजूनं आहे. पाटी सरकारनं लावली, तू सरकारचं ऐकलंस. साहेब विचारेल, कोणता नियम पाळलास, तू म्हणायचं, पाटीचा. बस. मग म्हातारा चुकीच्या बाजूला ठरतो. मोटार डोंगराला लागून जाणार म्हटल्यावर त्यानं दरीकडनं चालायला हवं होतं. मी म्हटलं, पण त्याला हवालदारानंच डावीकडनं चालायला सांगितलं होतं. वकील म्हणाला, ते त्यानं सांगावं, तू कशाला सांगतोस. मी म्हटलं, तो माझा सासरा आहे. वकील म्हणाला, कचेरीत सासरा नसतो.

कचेरीत सासऱ्याला बाजेवर घालून आणलं. बायको बाजेबरोबर चालत आली आणि बाहेर पिंपळाखाली बसली. बायकांनी आत यायचं नव्हतं, पण खिडकी मोठी होती.

आधी सासऱ्याला विचारलं. साहेबानं विचारलं, डावीकडनं का चाललास. तो म्हणाला, हवालदारसाहेबानं बाजारात सांगितलं, चाललो. मोटारीचा भोंगा ऐकलास? ऐकला. मग थांबला का नाहीस? त्यावर सासऱ्यानं हाकेचा कायदा सांगितला, अगदी पहिल्यापासून, कोणत्या साली कोण कोणासाठी थांबलं तेसुद्धा. साहेबानं त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "लॉरीच्या आवाजात तुझी हाक ऐकू येणार नाही, हे तुला कळलं नाही?"

सासरा बाजेवरून म्हणाला, "जावाय बहिरा हाय, हे लग्नाच्या टायमाला कोणी सांगितलं नाय, साहेब."

कचेरी हसली. शिपायानं गप्प केलं. मी खिडकीकडं बघितलं. ती हसत नव्हती.

मग माझा वकील उठला आणि पाटीबद्दल बोलला. हवालदारानं दिल्लीचं पुस्तक पुढं केलं. साहेबानं दोन्ही बघितली. पुस्तकात लिहिलेलं खरं, पाटीवर लिहिलेलंही खरं, आणि एकाच जागेवर दोन्ही खरं असू शकत नाही. साहेब वैतागला. माणूस चांगला होता, पण हे त्यानं केलेलं नव्हतं आणि निस्तरायचं मात्र त्याला होतं. त्यानं वकिलाला विचारलं, पाटी मोठी की पुस्तक? वकील म्हणाला, पाटी त्या खिंडीपुरती आहे, म्हणून त्या खिंडीत ती मोठी. हवालदार म्हणाला, पुस्तक दिल्लीचं आहे. बराच वेळ असं चाललं. बाजेवरच्या म्हाताऱ्याचा पाय दुखत होता, तो कामट्यांवर हात फिरवत होता.

मग साहेब माझ्याकडं वळला. "तू सांग. तू कोणता नियम पाळायला बांधलेला होतास?"

वकिलानं माझ्याकडं बघितलं. पाटी म्हटलं की मी सुटत होतो. माझी चूक होती असं मी तेव्हा मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. डावीकडनं गेलो असतो तर मीच दरीत गेलो असतो. पण मला त्या वेळी कायद्याचा विचार आला नाही. मला एवढंच दिसलं, की दोघांपैकी एकाला दावं गळ्यात घालून दारोदार फिरायचं आहे, आणि एकाचा पाय मोडलेला आहे.

मी म्हटलं, "साहेब, परवाना मी पुस्तकावर घेतला. नेहमी डावी, असं कबूल करून शिक्का घेतला. मी डावीकडं नव्हतो."

वकील खाली बसला. साहेबानं मला पुन्हा विचारलं, नीट विचार करून बोलतोस ना. मी हो म्हटलं. त्यानं लिहिलं. गाडीवान आपल्या बाजूला होता. ड्रायव्हर नव्हता. परवाना पुढच्या हंगामापर्यंत जमा. पाटीबद्दल वर कळवतो असंही तो म्हणाला. कळवलं असेल. पाटी मात्र पुष्कळ वर्षं तिथंच होती, अक्षरं जाईपर्यंत, आणि मी परवाना परत मिळाल्यावर तिच्याच म्हणण्याप्रमाणे लॉरी चालवली. फक्त खिंडीच्या तोंडाशी इंजिन बंद करून खाली उतरायचो आणि हाक द्यायचो. शेठ ओरडायचा, चालू करताना किती दांडा फिरवावा लागतो. ओरडू दे.

बाहेर आलो तर ती बाजेचं कापड नीट करत होती. माझ्याकडं न बघता बापाला घेऊन निघून गेली. मला वाटलं, झालं, हिनं मला सोडलं. ठरल्याबिगर येत नाय म्हणाली होती. आता ठरलं होतं, आणि माझ्यावर ठरलं होतं.

पंचांना सरकारचं म्हणणं कळलं. त्यांनी दावं माझ्यापुढं ठेवलं. तांबड्याचंच. मानेजवळ घासून गुळगुळीत झालेलं. बैल ज्या गावचा त्या गावात फिरायचं, म्हणजे तिच्या माहेरी. सकाळी ते गळ्यात घातलं, खांद्याला झोळी लावली. पंचांचा एक माणूस मागं लांबून चालत होता, मी बोलतो का ते बघायला.

सांगायला लाज वाटत नाही, करताना वाटली. पहिल्या दारी हंबरलो तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. घरातली बाई आली, पसाभर तांदूळ टाकले, आत गेली. कोणी हसलं नाही. ज्या लोकांनी लग्नात मला जावई म्हणून पाटावर बसवलं होतं तीच घरं. एका दारी एक म्हातारी तांदूळ टाकताना रडली. माझ्यासाठी नाही, बैलासाठी. तिचं शेत त्यानं नांगरलं होतं.

तिच्या बापाचं घर आळीच्या मध्यावर. टाळता येत नव्हतं. ओटीवर सासरा पाय पसरून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, गळ्यातल्या दाव्याकडं बघितलं, आणि भिंतीकडं तोंड केलं. कचेरीत मी काय बोललो ते त्यानं ऐकलं होतं. तो कायद्याचा माणूस, त्याला ठाऊक होतं की मी पाटी म्हणू शकलो असतो. पुढं तो छप्पन्न गोष्टींवर माझ्याशी बोलला, यावर कधी नाही.

मी हंबरलो. ती सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. पसाभर द्यायचे असतात, तिनं सगळं सूप झोळीत रिकामं केलं. माझ्याशी बोलायची तिला बंदी, मला तिच्याशी. ती माझ्याशी बोललीच नाही. ओटीकडं वळून म्हणाली, "बा, मी निघाले."

सासरा भिंतीकडं बघूनच म्हणाला, "सांभाळून जा गो."

तिनं सूप दाराशी टेकवून ठेवलं. पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. पंचांचा माणूस पुढं आला, काही बोलावं की नाही असं त्याला झालं, आणि तो पुन्हा मागं सरकला. मी चालायला लागलो. मागं तिच्या जोडव्यांचा आवाज येत होता.

शेजारचं दार तिच्या काकीचं. मी दारापुढं उभा राहिलो आणि मला हंबरता येईना. दावं घट्ट नव्हतं, तसंच होतं, पण आवाज निघेना. दोनदा तोंड उघडलं. आतली बाई वाट बघत असावी, रीत पुरी झाल्याबिगर तिला बाहेर येता येत नव्हतं.

तेव्हा माझ्या मागून तीच हंबरली.

लांब, खालच्या आवाजात. ओटीवर बापानं ते ऐकलं असणार. पंचांच्या माणसानं जमिनीकडं बघितलं. काकी बाहेर आली, पसाभर तांदूळ माझ्या झोळीत टाकले, आणि मग पुन्हा आत जाऊन आणखी पसाभर आणले ते तिच्या पदरात घातले.